नाव, गाव, तारीख

बेळगावच्या एका फाउंड्रीच्या प्रयोगशाळेत दीपंकर ओतीव लोखंडातला कार्बन तपासायचा, आणि दशांश चिन्हापुढच्या दुसऱ्या आकड्यापर्यंत त्याचा शब्द पक्का असायचा. घरी मात्र त्याच्या शब्दाला कसलंच प्रमाण नव्हतं. समोरच्याला जे ऐकायचं असेल, नेमकं तेच त्याच्या तोंडून बाहेर पडायचं.

आईला, म्हणजे जयाबाईला, तो म्हणाला होता की लग्न झाल्यावर प्रियदर्शनी नोकरी सोडून निपाणीच्या घरी राहील. प्रियदर्शनीला म्हणाला होता की बेळगावलगत हिंडलग्याला दोन खोल्या ठरवल्यात, तिथून तिला नोकरीची डेअरी जवळ पडेल. दोन्ही वेळा समोरचा चेहरा खुलला होता. दोन्ही वेळा त्याला वाटलं होतं, बघू नंतर, लग्नाला अजून अवकाश आहे.

अवकाश संपला होता. लग्न पंधरवड्यावर आलं होतं आणि त्या दोघी निपाणीतल्या भरमाण्णाच्या भांड्यांच्या दुकानात एकाच काउंटरपुढं खेटून उभ्या होत्या. मिक्सर, कुकर असल्या वस्तू सुनेच्याच पसंतीनं घ्यायच्या, असा जयाबाईचा हट्ट. तिनं प्रियदर्शनीला परस्पर फोन लावला. दीपंकरला कळलं तेव्हा प्रियदर्शनी निपाणीच्या बसमध्ये बसलीही होती.

दुकान अरुंद होतं. पाठीमागं कुकरांची चळत, दाराशी पंख्यांचे खोके. दीपंकर मधोमध सापडला होता.

"ह्यो बघ गं पोरी," जयाबाईनं ग्राइंडरच्या पिंपावर थाप मारली. "पाव्हणं आलं तरी एका दमात पीठ."

"आत्ती, लई मोठा होतोय," प्रियदर्शनी म्हणाली. होणाऱ्या सासूला ती साखरपुड्यापासूनच आत्ती म्हणायची. "दोघांना एवढा कशाला?"

"दोघांना? आणि पोरंबाळं काय हाटेलात जेवणार व्हय?"

भरमाण्णा खो खो हसला. दीपंकरही हसला.

"तसं नाही, ओटा पाच फुटीच आहे. अर्धा ओटा हाच खाईल."

"पाच फुटी? कुणी सांगितलं? गवंड्याकडनं धा फुटी करून घेतलाय मी."

"आई, चहा सांगू?" दीपंकर घाईनं म्हणाला. "ती आपली अंदाजानं बोलली."

"अंदाजानं?" प्रियदर्शनी त्याच्याकडं वळली. "तूच टेपनं मोजून सांगितलास की."

"मोजमापात थोडं इकडं-तिकडं होतं," दीपंकर म्हणाला. हे वाक्य त्याच्या प्रयोगशाळेत कुणी उच्चारलं असतं, तर त्यानं त्याला दिवसभर फैलावर घेतलं असतं.

ओटा त्यानं खरंच मोजला होता. खोल्या पाहिल्या होत्या, खिडकी कुठल्या दिशेला, प्लग किती, सगळं टिपलं होतं. फक्त घरमालकिणीला 'घेतो' म्हणून कळवायचं तेवढं राहिलं होतं. कळवलं असतं तर आईला सांगावं लागलं असतं.

प्रियदर्शनीनं विजेची किटली उचलली, उलटी करून तळ पाहिला. "ही चांगली आहे. पहाटे दुधाचे टँकर यायच्या आधी लॅबमध्ये हजर व्हावं लागतं. पाणी उकळलं की आपोआप बंद होते, तोवर माझं आवरून होईल."

"आता कशाला गं पहाटे उठतीस?" जयाबाई मायेनं म्हणाली. "लई उठलीस. निवांत झोपत जा. मी हाय की चहा कराय."

प्रियदर्शनीला ती थट्टा वाटली. ती गोड हसली. जयाबाईला तो होकार वाटला. तीही हसली. दीपंकरनं दाराकडं पाहिलं. खोक्यांच्या फटीतून रस्त्याची एक पट्टी दिसत होती.

"मी जरा गाडी बघून येतो."

"कुठं जातोस? थांब हितंच," जयाबाई म्हणाली. "नाव घालायचंय अजून."

लग्नाच्या संसारातल्या प्रत्येक भांड्यावर नवरा-बायकोचं नाव, गाव आणि तारीख कोरायची, ही जयाबाईची रीत मिक्सरच्या भांड्यांनाही लागू होती. भरमाण्णानं कोरायचं मशीन काढलं, त्याची सुई स्टीलवर टेकवली. "सांगा. पण एकदा नाव पडलं की माल परत न्हाय हां. प्रियदर्शनी, दीपंकर. बरं, गाव?"

"निपाणी," जयाबाई म्हणाली.

"हिंडलगा," प्रियदर्शनी म्हणाली.

दोन्ही शब्द एकदमच आले. मशीन नुसतंच गुणगुणत राहिलं.

"हिंडलगा?" भरमाण्णाला तिथला तुरुंग आठवला. वाटलं, विनोद करावा. "जेलात संसार मांडताय का काय?"

कुणी हसलं नाही. त्यानं मशीन बंद केलं.

"आत्ती, आम्ही तिथं घर घेतलंय ना भाड्यानं," प्रियदर्शनी सावकाश म्हणाली. "यानं सांगितलं नाही?"

"मला म्हणाला, तू नोकरी सोडतीयास."

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. मग दोघींच्या माना एकदमच त्याच्याकडं वळल्या.

"फोन लाव," प्रियदर्शनी म्हणाली. "त्या घरमालकिणीला. स्पीकरवर."

दीपंकरनं लावला. दुसरं काही करायला जागाच नव्हती.

"अवो, तुम्ही परत फोनच केला न्हाईसा," पलीकडून आवाज आला. "दिल्या की खोल्या दुसऱ्याला. कवाच्या."

त्यानं फोन खिशात ठेवला. कुकरांच्या चळतीला पाठ टेकली तशी वरची झाकणं खणखणली.

जयाबाई स्टुलावर बसली. तंबाखूची पानं कातरून वाकलेली तिची बोटं मांडीवर एकमेकांत अडकली होती. आवाज चढला नव्हता, त्याचीच त्याला जास्त भीती वाटली.

"मला काय पायजे ते माहीत हाय तुला. हिला काय पायजे ते पण. तुला काय पायजे रं?"

त्यानं प्रियदर्शनीकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरून काही उत्तर मिळतंय का, ते शोधू लागला. तिनं तोंड फिरवून घेतलं. आईकडं पाहिलं, तर ती जमिनीकडं बघत होती. आयुष्यात पहिल्यांदाच समोर वाचायला कुणाचाच चेहरा नव्हता.

"मला बेळगावला राहायचंय, आई. हिच्यासंगं," तो म्हणाला. "ही नोकरी सोडणार नाही. मी विचारलंसुद्धा नव्हतं हिला."

जयाबाईनं ग्राइंडरच्या पिंपावरून एकदा हात फिरवला.

"मग आता घर बघ," प्रियदर्शनी म्हणाली. तिच्या आवाजात आनंद नव्हता, रागही पुरता उतरला नव्हता. "बघून ये, मी पण येऊन बघणार. त्याच्यानंतर लग्नाचं बोलू." तिनं किटली काउंटरवर ठेवली, वाकून जयाबाईच्या गुडघ्याला हात लावला. "जयभीम आत्ती, येते मी." खोके सरकवत ती वाट काढून बाहेर पडली.

दीपंकर जागचा हलला नाही. तिच्या मागं जावं तर आई एकटी, थांबावं तर ती बस धरणार.

"जा की," जयाबाई म्हणाली. "आता मला इचारून जाणार हाईस व्हय?"

तो खोक्यांतून धडपडत निघाला. मागून आईचा आवाज ऐकू आला, रोजच्यासारखाच, बाजारात बोलावं तसा.

"भरमाण्णा, ह्यो मोठा ग्राइंडर बाजूला ठेव. एकटीला पुरंल असा न्हान दाखव."