सैल झालेले दोन स्क्रू

काचवाल्यांच्या पाठीत सहा स्क्रू होते, आणि त्यातले दोन सैल झाले होते.

डॉक्टरांनी स्कॅन पडद्यावर मोठा करून दाखवला. स्क्रूभोवती बारीक काळी रेघ होती. खिडकीची चौकट सुकून आकसली की काचेभोवती फट पडते, अगदी तशी. ती बोट ठेवून दाखवायची गरजच नव्हती. काचवाल्यांनी तीस वर्षं असल्या फटीच बुजवल्या होत्या.

"हाडं जुळलीच नाहीत," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा उघडावं लागेल. सैल स्क्रू काढून जाड घालायचे आणि वरचा एक मणकाही जोडून घ्यायचा. पण घाई नाही. घरी बोला, ठरवा, मग सांगा."

पहिलं ऑपरेशन अडीच वर्षांपूर्वी याच डॉक्टरांनी केलं होतं. त्यानंतरचे आठ महिने काचवाले 'नवा कोरा झालोय' असं गावभर सांगत फिरले. नवव्या महिन्यात पायातली कळ परत आली, पूर्वीपेक्षा जोरात. आता वीस मिनिटं बसलं की उठावं लागे आणि दहा मिनिटं उभं राहिलं की बसावं लागे.

"किती जणांना बरं वाटतं दुसऱ्या ऑपरेशननंतर?" त्यांनी विचारलं.

"दहातल्या पाच-सहा जणांना."

"आणि बाकीचे?"

"दोघं-तिघं आहेत तसेच राहतात."

म्हणजे अजून दोघं उरत होते. त्यांचं काय होतं ते डॉक्टरांनी सांगितलं नाही, आणि काचवाल्यांनीही विचारलं नाही.

"तुमचा सख्खा भाऊ असता तर काय सांगितलं असतंत?"

डॉक्टर जरा हसले. "भावाला दुसऱ्याकडे पाठवलं असतं. निर्णय तुमचा आहे, काका."

दुकानात चुलतभाऊ वाटच बघत होता. दुकान दोघांचं. पूर्वी मोठी काच दोघं मिळून उचलत. आता उचलायला चुलतभावाने रोजंदारीवर माणूस ठेवला होता. काचवाले फक्त पट्टी धरून काचेवर कापायची रेघ मारत, तीही टेबलावर पोट टेकून.

"काय म्हणाले, दादा?"

"तू ठरव म्हणाले."

"अरे! मग त्यांची एवढी वर्षांची डॉक्टरकी कशासाठी?"

बातमी पसरायला वेळ लागला नाही. ज्याला ज्याला पाठ होती, तो तो पाठीतला तज्ज्ञ निघाला. कुणी तेल सांगितलं, कुणी लाकडी फळीवर झोपायला सांगितलं. थोरल्या बहिणीने फोनवर फैलावरच घेतलं, "अजिबात चाकू लावून घ्यायचा नाही! एकदा दुधाने तोंड भाजलंय ना? अरे, मग थोडी तरी अक्कल!" मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला होती. तिने मधोमध रेघ ओढून कागदाच्या एका बाजूला फायदे आणि दुसऱ्या बाजूला तोटे लिहून पाठवले. दोन्हीकडे सात-सात भरले. "बाबा, मी आठवा शोधतेय," ती म्हणाली, आणि फोनवर रडायलाच लागली. मग काचवाल्यांनाच तिची समजूत काढावी लागली.

बायको मात्र गप्प होती. ती शाळेच्या ग्रंथालयात काम करायची, आणि एरवी कुठल्याही विषयावर तिचं मत तयार असायचं. तिसऱ्या दिवशी काचवाल्यांनी तिला गाठलंच.

"तू काहीच बोलत नाहीस."

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हात न थांबवता म्हणाली, "मागच्या वेळी मीच म्हटलं होतं, अहो, करून टाका एकदाचं. तुमचं मन नव्हतं. मी मागे लागले म्हणून तुम्ही तयार झालात."

"तसं काही नाही."

"तसंच आहे. आता माझ्या तोंडून हो निघणार नाही, आणि नाहीही निघणार नाही. मला विचारू नका."

मग ते दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी सगळं तपासलं, बोटं दाबायला लावली, टाचांवर चालायला लावलं. "पायात ताकद आहे. फक्त दुखण्यासाठी मी पुन्हा पाठ उघडणार नाही," त्या म्हणाल्या. "व्यायाम करा, वजन उतरवा. पाऊल लुळं पडायला लागलं तर मात्र लगेच या. एक दिवसही थांबू नका." म्हणजे एक डॉक्टर करा म्हणत होते आणि दुसऱ्या करू नका म्हणत होत्या. काचवाले दोन्ही अहवाल एकाच पिशवीत घालून घरी आले.

व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने त्यांना एक पत्ता दिला. तलावावर पोहायला शिकवणाऱ्या एक निवृत्त बाई होत्या, त्यांचं असंच दुसरं ऑपरेशन झालं होतं. त्यांनी दार उघडलं तेव्हा त्या ताठ उभ्या होत्या. काचवाल्यांच्या जिवात जीव आला.

"पायातली कळ गेली का हो?"

"गेली. पण डाव्या तळव्याला काही कळत नाही. रस्त्यात चप्पल निसटली तर लोक हाक मारून सांगतात."

"पण केलंत ते बरंच झालं, नाही का?"

बाई म्हणाल्या, "ऑपरेशन न केलेली मी मला कधी भेटलेच नाही. भेटली असती तर विचारून सांगितलं असतं तुम्हाला."

घरी येताना काचवाल्यांनी ठरवून टाकलं. करायचं नाही. दवाखान्यात फोन करून तसं कळवलंही. दीड महिन्याने पहिल्यांदा त्यांना हलकं वाटलं. बहिणीने शाबासकी दिली. मुलीने कागद फाडला. दुखणं होतं तेवढंच होतं, पण निदान तळ्यात की मळ्यात हे संपलं होतं. असे जेमतेम तीन आठवडे गेले.

मग एका सोमवारी दुकानात, सपाट फरशीवर, कशालाही न अडखळता ते पडले. उजवा पाय टाकला तेव्हा त्याची बोटं उचललीच गेली नव्हती. हातात काच नव्हती हे नशीब. चुलतभावाने बखोटीला धरून उठवलं आणि तशीच गाडी काढली.

डॉक्टरीणबाईंनी बोटं वर करायला सांगितली. काचवाल्यांनी दात-ओठ खाऊन जोर लावला. पाऊल दुसऱ्या कुणाचं असावं तसं नुसतं पडून राहिलं.

"आता मात्र करावं लागेल," त्या म्हणाल्या. "परवा."

भरती झाल्यावर दुपारी परिचारिकेने संमतीचा कागद आणून दिला. काचवाल्यांनी तो चष्मा लावून वाचला. 'मी स्वखुशीने' या शब्दांवर त्यांना हसू फुटलं. हसलं की पाठ दुखे, तरी थांबेना. मग त्यांनी सही केली.

परिचारिका गेल्यावर बायको म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय?"

"पाय. आठवड्यापूर्वीच आवाज बदलला होता. एक पाऊल नीट वाजायचं, दुसरं फरफटायचं. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. बोलले असते तर तुम्ही लगेच गेला असता. पण मला वाटलं, मी बोलले तर पुन्हा माझ्यामुळेच..."

काचवाले छताकडे बघत राहिले. "मलाही कळलं होतं," ते म्हणाले. "तुझ्याही आधी. जिना चढताना. मी गुडघा जरा जास्त उचलायला लागलो, म्हणजे तुला ऐकू जाणार नाही असं वाटलं."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. तिने त्यांच्या पायावरची चादर उगाच सारखी केली.

ऑपरेशन साडेपाच तास चाललं. चार महिन्यांनी पायातली कळ निम्म्यावर आली होती. बोटं मात्र अर्धीच उचलली जात. पाऊल पडू नये म्हणून बुटात प्लास्टिकची पट्टी घालावी लागे. काचवाले रोज दोन तास दुकानात जाऊन बसत आणि गिऱ्हाइकाची मापं लिहून घेत.

शेवटच्या तपासणीला त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "आठवडाभर आधी आलो असतो तर?"

"कदाचित पाय जास्त सुधारला असता. कदाचित इतकाच राहिला असता. तुम्हाला आधी जाणवलं होतं का?"

बायको शेजारच्याच खुर्चीत होती. पिशवीतले कागद नीट लावता लावता तिचे हात थांबले.

"नाही," काचवाले म्हणाले. "त्याच दिवशी कळलं."

डॉक्टरीणबाईंनी तसं लिहून घेतलं.