वेन वजा?

"वेन वजा?" शुभ्राने विचारलं.

पलंगावर ओढणीने तोंड झाकून कण्हणाऱ्या मंजुषाताईंनी गुडघा दाखवला. शुभ्रा लगेच गुडघा चेपायला लागली.

"मेली तुझी पेशंट!" ओढणी फेकून ताई उठून बसल्या.

मिरजेच्या मंजुषाताई शारजाच्या एका इस्पितळात नर्स होत्या. नवी नर्स शुभ्रा त्यांच्या खोलीत राहायला आली आणि तिला रागावायचं काम ताईंनी आपणहून अंगावर घेतलं. आता फुजैराकडच्या डोंगरातल्या दवाखान्यात काही महिन्यांसाठी नर्स हवी होती. शुभ्राला जायचंच होतं. पण अरबी जमलं नाही, तर मेट्रन दुसरीला पाठवणार होती. शुभ्राच्या बॅगेत कांदा-लसूण मसाला, इस्त्री, लोणचं सगळं गेलं होतं. अरबी तेवढं डोक्यात जात नव्हतं.

"ताई, वजा म्हटलं की मला मायनसच आठवतं."

"शाळेत वजाबाकी आली की डोकं दुखायचं ना? मग तेच. वेन म्हणजे कुठे, वजा म्हणजे दुखणं. पण तू विचारतेस आणि थांबत नाहीस. बाई पहिल्यांदा भलतंच दाखवते. शेजारी सासू उभी, नवरा उभा. लाज वाटते गं! त्यांना बाजूला कर, हात धर आणि परत विचार."

"आणि तरी गुडघाच दाखवला तर?"

"तर गुडघाच असेल, बये! यल्ला, चल, पुन्हा."

मेट्रनने शुभ्राला पास केलं. ताईंनी अख्ख्या वॉर्डला बर्फी वाटली आणि त्या दिवसापासून त्या शुभ्रावर उगाचच चिडायला लागल्या. पोरगी आपल्या शिकवण्यानेच चालली होती, आता बोलणार कुणाला?

निघायच्या सकाळी इस्पितळाची व्हॅन खाली आली. ड्रायव्हर मुश्ताक हॉर्न वाजवत होता. "इस्त्री घेतलीस का?" ताई पुन्हा ओरडल्या आणि एकदम तोंड फिरवून व्हॅनसमोरच जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या.

शुभ्रा त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

"वेन वजा?"

ताईंनी गुडघा दाखवला.

शुभ्राने गुडघ्याला हात लावला नाही. "मुश्ताकभाई, जरा उधर देखो," ती म्हणाली. मग तिने ताईंचा हात हातात घेतला आणि परत विचारलं, "वेन वजा?"

ताईंनी ओढणी तोंडावर ओढली.

"पास झालीस गं," आतून आवाज आला. "जा आता."