कुई-कचक

पोत्याचं खरं नाव त्याच्या आईखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. भरलेलं पोतं उभं करावं तसा गडी, म्हणून पोत्या. जुना ट्रक चालवायचा. आत बसला की ट्रक त्याच्या बाजूला कलायचा, उतरला की हुश्श करून वर यायचा.

आईला दिसत नव्हतं, पण कान असे की पालीनं भिंतीवर कूस बदलली तरी विचारील, कोण रे ते? ट्रक वळणावर आला की चाकांवरचे लोखंडी पाटे, म्हणजे गाडीचं वजन झेलणाऱ्या कमानी, ओरडायचे. कुईऽ, कचक! कुईऽ, कचक! मग म्हातारी तवा चढवायची आणि कडी काढायची. मागं एक भामटा "आई, मी आलो" म्हणत आत शिरला होता, जाताना भांडी घेऊन गेला. तेव्हापासून गाडी बोलल्याशिवाय तिची कडी निघत नसे.

एकदा मिस्त्रीनं ट्रकखाली डोकं घातलं आणि तिथूनच बोंब ठोकली.

"पोत्या, ही गाडी आहे का पाळणा? शॉकअप कधीच मेलेत, सगळं तेल गळलंय. पाटे बसलेत, त्यात एक चिरलाय!"

"चालतेय की अजून."

"चालतेय! उतारावर तुटला म्हणजे आईला कोण बघणार, मी? आणि मालानं नाही बसलेत हे. तुझ्या ढेरीनं बसलेत."

झालं, ट्रक जॅकनं उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवला. बोल्ट गंजून दगड झाले होते. त्यांना रॉकेल पाजलं, पान्याला लांब पाईप लावला, दोघं त्याला लोंबकळले, तेव्हा कुठं सुटले. आता बघा, वजन उतरलं की पाटा कितीही म्हातारा असो, थोडा तरी अंग सोडतो, कमान धरतो. पोत्याच्या बाजूचे पाटे तसेच राहिले. जमिनीवर पडले ते दबलेलेच, जसं काही वर कुणी बसलंय.

मिस्त्रीनं पायानं ढोसून पाहिलं. "हे आजच भंगारात दे. घरी नेऊ नको."

"का हो?"

"इतकी वर्षं एकाच माणसाचं वजन पेललंय. सवय लागते रे."

"लोखंड आहे मिस्त्री, जेवायला मागतंय थोडंच! भाव चढला की विकीन."

नव्या पाट्यांवर ट्रक असा चालला की वळण कधी आलं, कधी गेलं, कळलंच नाही. पोत्या खुश. जुने पाटे घरामागं भिंतीशी टाकले आणि दार वाजवलं.

"कोण?"

"मी गं."

"गाडी कुठाय?"

"पाटे बदलले ना."

"नाव सांग."

पोत्यानं खरं नाव सांगितलं, तेव्हा कडी निघाली. म्हातारीनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "असा मुका नको येत जाऊस. भीती वाटते."

"होईल सवय," पोत्या म्हणाला.

दुसऱ्या दिवशी माल लवकर उतरला, म्हणून तो दुपारीच परतला. दाराला आतून कडी. आत तव्याचा वास, आणि आई हसत होती.

"घे आणखी. आज कशी छान बोलत आली रे गाडी!"

"आई!"

हसू थांबलं. "कोण?"

"मी!"

"चल, हो पुढं. माझा लेक घरात जेवतोय."

पोत्यानं नाव सांगितलं. ओरडून सांगितलं.

"ते यानंही सांगितलं," म्हातारी म्हणाली.

आला वाटतं पुन्हा भामटा, असं म्हणत पोत्या खिडकीशी गेला. खाटेपुढं ताट वाढलेलं होतं. खाटेवर कुणी नव्हतं. पण रोज तो जिथं बसायचा तिथं दोऱ्या खोल गेल्या होत्या. त्याच्या डोळ्यांदेखत खाट कलली. कुईऽ, कचक.

तो घरामागं धावला. पाटे तिथंच होते, पण छान कमान धरून, हलकेफुल्ल. त्यांच्यावरचं कुणीतरी उतरून गेलं होतं.

पोत्यानं पाटे ट्रकमध्ये टाकले आणि तडक मिस्त्रीकडं नेले. मिस्त्री हसला नाही. "सांगितलं होतं तुला."

"आता?"

"आता काय! ज्याची जागा त्याला परत दे. चिरलेला तेवढा बदलू, बाकीचे चढवू. तुझी आई घरात कुणाबरोबर आहे ते कळतंय ना? मग हात चालव."

पोत्यानं असा हात उभ्या जन्मात चालवला नव्हता. शेवटचा बोल्ट आवळला, मिस्त्रीनं जॅक सोडला. ट्रक खाली आला आणि पोत्याच्या बाजूला कलला. आत तर कुणीच नव्हतं.

"मिस्त्री..."

"बघू नको. चालव."

पोत्या बसला, पण अर्धं बूड सीटबाहेर ठेवून. वळणावर पाटे ओरडले, आणि घराची कडी निघाली.

"आत्ता कसा माझा लेक आला!" आईनं दारातच त्याची हनुवटी धरली. "आणि मघाशी जेवता जेवता कुठं उठून गेलास रे, न सांगता?"

पोत्याचे पाय जमिनीवर होते. मागं ट्रक मात्र कललेलाच होता. हुश्श झालंच नव्हतं. तो घाईनं आत शिरला आणि कडीला हात घातला.

"थांब रे," आई कान टवकारून म्हणाली. "अजून एक जण उतरायचाय."