झाकलेली पेटी

दुसऱ्या खेपेलाही गाण्यात 'टक्' आलाच. चुडामणने हेडफोन कानांवरून उतरवला आणि मावशीकडे बघायचं टाळून वर पंख्याकडे बघितलं.

"काय व्हयनं रे?" झुंबरबाईंनी विचारलं.

"काही नाही मावशी. जरा तपासतो."

"म्हंजे परत बिघडनं."

चुडामणने हेडफोन खाली ठेवला. तो धुळ्यातल्या एका शाळेत संगीत शिकवायचा. घराच्या मागच्या खोलीत भिंतींना गोधड्या ठोकून त्याने रेकॉर्डिंगची सोय केली होती. मुंबईहून आणलेला जुना सिंथेसायझर, म्हणजे विजेवरची पेटी, आणि एक कॉम्प्युटर, एवढीच काय ती मोठी यंत्रं. कॉम्प्युटरमधल्या साउंडकार्डाला सरळ माइक लावला की घरघर यायची. म्हणून तो माइक सिंथला जोडायचा आणि वादन, गाणं, सगळं एकाच डिजिटल वायरीतून कॉम्प्युटरकडे पाठवायचा. ही वायर याच आठवड्यात आली होती, आणि तिच्याबरोबर तो 'टक्'. तव्यावर ज्वारीचा दाणा फुटावा तसा, मधूनच, नेमका सुरावर.

श्रावण आठवड्यावर आला होता. श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसते, तेव्हाची जुनी गाणी सोनगीरला झुंबरबाई आणि चुडामणची आई कमलबाई या दोघी बहिणी जोडीने म्हणत. एकीने ओळ टाकायची, दुसरीने उचलायची. कमलबाई गेल्या तेव्हा ही यंत्रं घरात आलेली नव्हती, त्यामुळे आईच्या आवाजातली एक ओळही कुठे राहिली नव्हती. ती गाणी पूर्ण येणारी आता मावशीच. तिचाही गळा अलीकडे चटकन बसायचा.

"आते शेवटलं," झुंबरबाई म्हणाल्या. "देवीनं गानं शे. मना गळा काय नळ शे का, सोडा नि बंद करा? परत बिघडनं ते मी चालनू सोनगीरले."

त्यांचे यजमान, तोतारामआबा, कोपऱ्यातल्या गादीवर पानाला चुना लावत होते. गावच्या भजनी मंडळात ते पेटी वाजवत. सकाळी आल्या आल्या त्यांनी सिंथकडे बोट दाखवून चुडामणला सुनावलं होतं, "मास्तर म्हनवतस आनि पेटी अशी उघडी? वाजवनारा उठना का पेटी झाकनी पडस."

चुडामण पुढच्या खोलीत गेला आणि त्याने जळगावला फोन लावला. तिथे त्याच्या मित्राचं, रुपचंदचं, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. अलीकडे तो कॉम्प्युटरही उघडू लागला होता.

"अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-पाणी घातलं?" रुपचंदने विचारलं.

"काल घातलं."

"आणखी घाल. धुळ्याची वीज ती. तुझं खालीवर होणारं व्होल्टेजच टकटक करत असेल."

"पण रुपचंद, तो टक् ठरावीक वेळाने येतो. पंखा लावला काय, बंद केला काय, फरक पडत नाही. धुळ्याची वीज इतकी वक्तशीर कधी होती?"

पलीकडे रुपचंद हसला. "मग तूच सांग काय ते."

चुडामणच्या मनात दोन दिवसांपासून एक शंका होती. सिंथच्या पुस्तकातलं एक पान त्याने पुन्हा पुन्हा वाचलं होतं. पण वाचलेलं आपल्याला नीट कळलं असेल यावर त्याचा विश्वास नव्हता. तो चाचरतच म्हणाला, "डिजिटल वायरीतून आवाज म्हणजे आकडेच जातात ना? ते मोजायला सिंथमध्ये एक घड्याळ आहे, कार्डात दुसरं. दोन्ही आपापल्या चालीने चालत असतील तर केव्हातरी एखादा आकडा हुकणार. तिथेच टक् होत असेल. असं मला आपलं वाटतं."

"मग एकाला दुसऱ्याच्या मागे लाव."

"चुकलं तर?"

"चुकलं तर परत होतं तिथे आण. बॉम्ब आहे का तो? मास्तर, तू स्वतःला सोडून बाकी सगळ्यांवर विश्वास ठेवतोस बघ."

चुडामण परत येऊन कॉम्प्युटरसमोर बसला. पडद्यावर कार्डाची चौकट उघडली. घड्याळ कुणाचं, या प्रश्नापुढे 'इंटर्नल' लिहिलेलं होतं. त्याने ते 'एक्स्टर्नल' केलं. आता कार्डाने स्वतःचं मोजणं सोडून सिंथ मोजील तसं मोजायचं. त्याने सिंथची एक पट्टी बराच वेळ दाबून धरली, ती रेकॉर्ड केली आणि डोळे मिटून ऐकली. सूर सलग होता. त्याने पुन्हा ऐकली. तरी सलगच.

"बस मावशी," तो म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

झुंबरबाईंनी पदर सारखा केला आणि गायला सुरुवात केली. एक ओळ म्हणून त्या थांबत, पुढची ओळ चुडामण सिंथवर वाजवी. दुसरी ओळ म्हणणारी राहिली नव्हती, तरी तिची जागा त्या सोडत होत्या. गाणं संपलं तेव्हा चुडामणचे डोळे भरले होते. तो चहा करायला म्हणून उठून आत गेला.

चहा आणून ठेवल्यावर त्याने कॉम्प्युटरचे स्पीकर लावले आणि गाणं सुरू केलं.

काहीच वाजलं नाही. पडद्यावर आवाजाची चढउतार नक्षी उमटलेली दिसत होती, पण तिच्यावरून सरकणारी उभी रेघ जागची हलेना. त्याने स्पीकरची वायर दाबली, आवाज वाढवला, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला. नुसती शांतता. आपण नको त्या ठिकाणी हात घातला, आता होतं तेही गेलं, असं त्याला वाटलं.

झुंबरबाईंनी पिशवी उचलली. रागावल्या नव्हत्या, तेच त्याला जास्त लागलं. "ऱ्हाऊ दे बेटा. नशिबमा नही म्हनानं."

"मावशी, एक मिनिट."

रेघ थांबलीय, म्हणजे कार्ड कशाची तरी वाट बघतंय. कशाची? सिंथच्या घड्याळाची. त्याने मान वळवली. सिंथवर डोक्यापासून पायापर्यंत भगवं फडकं पसरलेलं होतं, कडा नीट खोचलेल्या.

"आबा, हे कोणी झाकलं?"

"मीच. तू उठना ना," आबा पान चघळत म्हणाले. "बटनबी बंद करी दिधं. गानं व्हयनं, पेटीले काय रातभर जागाडस?"

चुडामणला हसू आलं. मालक झोपल्यावर चाकर हातपाय कसे हलवणार? त्याने फडकं उचलून सिंथ चालू केला. हिरवा दिवा लागला. क्षणभराने पडद्यावरची रेघ सरकायला लागली.

झुंबरबाईंचा आवाज खोलीभर झाला. स्वच्छ. एकही 'टक्' नाही. झुंबरबाई पिशवी हातात धरूनच खाली बसल्या. स्पीकरमधली त्यांची ओळ संपली, आणि पुढच्या ओळीला त्यांनी स्वतःच हळू आवाजात सिंथच्या सुरात सूर मिळवला. बहिणीची ओळ होती ती.

चहा निवत होता. आबांनी हात लांब करून फडकं ओढून घेतलं, त्याची घडी घातली, आणि पुन्हा हात शिवशिवायला नको म्हणून ती मांडीखाली दाबून बसले.