जोडीतलं एकटं झाड

टिक्.

दुपारची वेळ. घरात सगळं गप्प. घासलेली भांडी ओट्यावर पालथी पडली आहेत, पिटू शाळेत गेली आहे, आणि स्वयंपाकघराच्या काचेवर कुणी नखानं वाजवावं तसा एवढासा आवाज होतो. टेबलाशी बसलेली आई मान वर करते आणि खिडकीतून माझ्याकडे बघते.

मित्रांनो, तो आवाज माझा. म्हणजे माझ्या फांदीला तारेनं अडकवलेल्या पत्र्याच्या बिल्ल्याचा. त्यावर माझ्या जातीचं नाव आहे. वारा आला की तो काचेवर आपटतो. मला आवाज असा तेवढाच.

मी नासपतीचं झाड. आपली कहाणी सांगणारे बहुतेक जण जुने, झिजलेले, गंजलेले असतात. मी तसा जुना नाही, जेमतेम आठ वर्षांचा आहे. पण वाट बघण्यात गेलेली वर्षं जरा जास्त लांब असतात, तेव्हा मला जुनाच समजा.

माझा जन्म एका रोपवाटिकेत झाला. तिथल्या माळ्यानं एका रानटी रोपाचं खोड कापलं, त्याला चीर पाडली, त्यात दुसऱ्या झाडाची काडी खोचली आणि वरून पट्टी बांधली. पाय एकाचे, धड दुसऱ्याचं, असा मी तयार झालो. त्या सांध्याची गाठ अजून माझ्या घोट्याजवळ आहे. माझ्या शेजारी दुसऱ्या जातीचं एक नासपतीचं रोप होतं. त्याची पानं माझ्यापेक्षा थोडी गोल. माळी आम्हाला कधी सुटं मोजायचा नाही. काठीनं दाखवत म्हणायचा, "ही एक जोडी, ही एक जोडी." जोडी का, असा विचार मी कधी केला नाही. जोडीत असणाऱ्याला तो करावा लागत नाही.

आईनं मला कसं मागवलं, ती गोष्ट मी या खिडकीतून इतक्यांदा ऐकली आहे की डोळ्यांनी पाहिल्यासारखी वाटते. पिटू तेव्हा दोन महिन्यांची होती. दिवसभर रडायची आणि दुपारी कसाबसा तिचा डोळा लागायचा. तेवढ्या वेळात आई तिला खांद्यावर तसंच धरून, एका हातानं रोपवाटिकेची चित्रांची यादी उलटायची आणि पेन्सिलनं खुणा करायची. स्ट्रॉबेरी वीस रोपं. रासबेरी तीन. नासपती, जोडी.

"हे अंगण आहे की शेत?" बाबांनी विचारलं होतं.

"पिटू चालायला लागली की तिनं तोडून खायला नको?"

"तिला अजून दात नाहीत."

"तोवर झाडंही कुठे मोठी होणार आहेत?"

"बरं, पण नासपती दोन-दोन कशाला? एकाच्या फांद्या आवरता आवरता माझ्या नाकी नऊ येतील."

"जोडीनंच देतात म्हणे. एक माझ्या आईला देऊ. माझे बाबा गेल्यापासून तिचं अंगण नुसतं ओकंबोकं पडलंय. तिला सोबत होईल."

सोबत होईल. मित्रांनो, हा शब्द लक्षात ठेवा.

आम्ही आलो ते ऐन थंडीत, एका लांब खोक्यातून. अंगावर पान नाही, मुळांना ओलं गवत आणि कागद गुंडाळलेला. बाबांनी खोकं उघडलं आणि आत हाक मारली, "अगं, तुझ्या काठ्या आल्या!"

"काठ्या काय म्हणता? झोपलेत ते."

"घरात एकूण एकच माणूस झोपत नाही वाटतं," बाबा म्हणाले. तेवढ्यात पिटूनं सूर लावला.

मला रात्रभर बादलीत भिजत ठेवलं. सकाळी बाबांनी खिडकीजवळ खड्डा खणला. आई पिटूला शालीत गुंडाळून शेजारी उभी होती, हातात यादी. "मुळं दुमडू नका, बोटं पसरावी तशी पसरा. सांधा मातीच्या वर राहू दे हं, बुडाला तर झाड जातं."

"मी काय डोळे मिटून खणतोय?"

"तुम्ही खणा. मी सांगते."

बाबांनी टाचेनं माती दाबली, शेजारी आधाराची काठी ठोकली, आईनं झारीनं पाणी घातलं. रासबेरी भिंतीकडे गेली. स्ट्रॉबेरी वाटेच्या कडेला बसली. माझा जोडीदार मात्र कागदातून सोडलाच नाही. दुसऱ्या दिवशी आई त्याला काखेत धरून बसनं आजीकडे घेऊन गेली. रोपवाटिकेनं दोऱ्यानं बांधलेली एक चिठ्ठी त्याच्या मुळांशी, कागदाच्या आत होती. इथे ती कुणी पाहिली नाही.

खोक्यात आमच्या फांद्या एकमेकींत अडकल्या होत्या. सोडवताना माझी एक काडी मोडली. तेवढंच.

पुढे स्ट्रॉबेरीनं पहिल्याच वर्षी फळं दिली. तिचा संसार फार लवकर वाढतो. एक लांब दोरा सोडते, त्याच्या टोकाला पिल्लू रुजतं, की झालं. बघता बघता विसाची साठ झाली. रासबेरी भिंतभर पसरली. पिटू रांगायला लागली, मग धावायला, आणि तिच्या फ्रॉकवर लाल डाग पडायला लागले. आई रागवायची आणि लगेच तिचे बोटं चाटतानाचे फोटो काढायची.

मी चौथ्या वर्षी फुललो. पानं यायच्या आधी अंगभर पांढरी फुलं. आई पिटूला खिडकीत उभी करून म्हणाली, "बघ, आपलं झाड!" त्या एका वाक्यावर मी वर्ष काढलं. पण पाकळ्या गळाल्या आणि खाली काहीच राहिलं नाही. नुसते वाळके देठ. पाचव्या वर्षी तेच. सहाव्या, सातव्या वर्षी तेच.

"तुमचं झाड नुसतं मिशीला पीळ देतं," शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले. "काम काही करत नाही."

आईनं खत घातलं, आळं केलं, फांद्या छाटल्या. मग हळूहळू तिचा हात थांबला. बाबांनी एक दिवस फरश्या आणून भिंतीशी रचल्या. "अजून एक वर्ष बघू," ते म्हणाले. "नाहीच धरलं तर काढून टाकू आणि फरशी घालू. कपडे वाळत घालायला तरी जागा होईल."

"हो," आई म्हणाली. वाईट वाटलं ते त्या 'हो'चं.

मला भूक नव्हती, तहान नव्हती. काय कमी आहे ते माझं मलाही सांगता येत नव्हतं. मधमाश्या यायच्या, एका फुलावरून दुसऱ्यावर जायच्या, पण एका फुलातही माझाच पराग आणि दुसऱ्यातही माझाच. आपल्याच घरात एका खोलीतून दुसरीत जावं आणि कुणीच भेटू नये, तसं.

दर रविवारी सकाळी स्वयंपाकघरात फोन वाजायचा. आजीचा. आई फोन मानेत धरून कणीक मळायची, पिटूची वेणी घालायची, कपडे घड्या करायची. मला तिच्याच बाजूचं बोलणं ऐकू यायचं.

"हो गं, खाते वेळेवर. … पिटू? तिला कुठे सवड आहे बोलायला! … झाड ना? फुललंय की. तुझंही? … नाही गं, फळ कुठलं. … काय सांगायचंय? मग सांग ना आत्ता. … बरं बाई, आल्यावर सांग. पुढच्या रविवारी येतेच. नक्की."

पुढच्या रविवारी पिटूला ताप असायचा. किंवा बाबांना काम असायचं. किंवा आईच इतकी दमलेली असायची की अंघोळ करून टेबलावर डोकं टेकायची. बसनं दीड तासच लागतो, पण दीड तास हातात असावा लागतो. मी तिला दोष देत नाही. मी खिडकीशीच उभा होतो, मी सगळं पाहिलं आहे. पण दर वर्षी माझ्या फुलांच्या दिवसांत ते वाक्य फोनमध्ये यायचं, "काय सांगायचंय? आत्ता सांग ना," आणि दर वर्षी ते सांगणं राहून जायचं.

यंदा थंडी सरता सरता फोन वाजला, तेव्हा रविवार नव्हता. आईनं तो कानाला लावला. हातातला डाव तिनं ओट्यावर ठेवला, मग पुन्हा उचलला, मग पुन्हा ठेवला.

त्यानंतरच्या रविवारी फोन वाजला नाही. वारा होता, म्हणून माझा बिल्ला वाजला. आई दचकून उठली आणि फोनकडे गेली.

आजीचं घर भाड्याचं होतं. ते महिनाअखेरीला रिकामं करून द्यायचं होतं. आई एकटीच गेली. मी नेमका त्याच आठवड्यात फुललो होतो आणि हे माझं शेवटचं फुलणं, हे मला ठाऊक होतं.

ती परतली तेव्हा ऊन उतरलं होतं. तिच्या हातात पाण्यानं भरलेली एक बादली होती आणि बादलीत पांढऱ्या फुलांनी डवरलेल्या फांद्या. केसांत पाकळ्या, अर्धी साडी ओली.

बाबा दारात आले. "बसमधून? बादली घेऊन?"

"मांडीवर घेऊन बसले होते. कंडक्टर म्हणाला, बाई, हिचं तिकीट?" आई हसायला लागली आणि हसता हसताच पायरीवर बसली. मग तिनं पिशवीतून आजीच्या चष्म्याचं घर काढलं. चष्मा नव्हता त्यात. घडी घालून घालून मऊ झालेली एक चिठ्ठी होती. तिनं ती मोठ्यानं वाचली, म्हणून मलाही कळली.

"'ही दोन वेगवेगळ्या जातींची झाडे आहेत. एकमेकांजवळ लावावीत. एकट्याला फळ धरत नाही.'"

खाली आजीच्या हातची पेन्सिल होती. "आली की सांगायचं." आणि त्याच्याखाली, नंतरच्या कापऱ्या अक्षरांत, "फुललेली फांदी बादलीत घालून नेली तर चालेल का? विचारायचं."

बाबा आतून शिडी घेऊन आले, बादलीच्या कडीला दोर बांधला आणि ती माझ्या दोन फांद्यांच्या मधे टांगली.

मित्रांनो, सात वर्षांनी मी त्याला भेटलो. सगळा नाही, चार फांद्याच. पण टोकांना नुकतीच फुटू लागलेली पानं तीच, थोडी गोल. मधमाश्या दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या. बादलीतून माझ्यावर, माझ्यावरून बादलीत. पाच दिवस हे चाललं. आई रोज पाणी बदलायची. सहाव्या दिवशी बादलीतल्या पाकळ्या तपकिरी झाल्या, आणि तिनं त्या फांद्या टाकल्या नाहीत, माझ्याच बुंध्याशी पसरून ठेवल्या.

पाकळ्या गळाल्यावर देठांखाली वाटाण्याएवढ्या गाठी राहिल्या. अकरा. वारा, पक्षी आणि ऊन यांनी आपापला वाटा घेतला. तीन उरल्या आणि वाढल्या.

"अरेच्चा, काम करायला लागलं की हे!" शेजारचे काका म्हणाले. फरश्या अजून भिंतीशीच आहेत. पिटू त्यांच्यावर बसून गृहपाठ करते.

आजीचं घर सोडायच्या दिवशी आईनं किल्ली घेणाऱ्या माणसाला त्या झाडाबद्दल सांगितलं. त्यानं मान हलवली. ऐकलं की नुसती हलवली, ते तिला कळलं नाही. उन्हाळ्यात ती रोपवाटिकेच्या माळ्याला घेऊन पुन्हा तिकडे गेली. त्यानं त्या झाडाचा एक डोळा, म्हणजे सालीसकट एक कोंब, काढून आणला, माझ्या डाव्या फांदीची साल उचलून आत बसवला आणि वरून पट्टी बांधली. तो जगला तर माझ्याच अंगावर माझा जोडीदार फुलेल. जगला का, हे पुढच्या वर्षी कळेल. पट्टीखाली काय चाललंय ते मलाही दिसत नाही. मी फक्त ती फांदी वाऱ्यात जरा कमी हलवतो.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. अंगणात झाड आणलंत तर खड्डा खणा, पाणी घाला, सांधा मातीवर ठेवा, हे सगळं तुम्ही करालच. पण त्याच्यासोबत आलेली चिठ्ठी शोधा आणि त्याच दिवशी वाचा. कोणाला कोणाची सोबत लागते ते विचारून घ्या. झाड स्वतःहून मागत नाही. ते फुलतं, आणि तुम्हाला वाटतं, बरं चाललंय त्याचं.

काल माझी फळं उतरवली. आईनं पिटूला उचलून धरलं आणि शिकवलं, "ओढायचं नाही. तळहातावर घ्यायचं आणि अलगद वर उचलायचं. तयार असलं तर आपणहून सुटतं." तिन्ही सुटली. नासपती झाडावर पिकत नाही, घरात ठेवून पिकवावी लागते. म्हणून आईनं ती खिडकीत, काचेच्या आतल्या बाजूला, कागदावर ओळीनं मांडली. मला ती दिसतात. आईनं मग पिटूला चिठ्ठीची गोष्ट पुन्हा सांगितली. आजकाल पिटूला ती रोज हवी असते.

पिटूनं हनुवटी ओट्यावर टेकवून तिन्ही फळांकडे पाहिलं. बिल्ला काचेवर वाजला. टिक्.

"आई," ती म्हणाली, "आजीला सगळं ठाऊक होतं ना? मग तिनं फोनवरच का नाही सांगून टाकलं?"