गवंड्याची मुलगी

"शेवट बदलावा लागेल," संपादकबाई कागदांच्या गठ्ठ्यावर हात ठेवून म्हणाल्या. "बाकी गोष्ट झकास आहे. पण मुलगी घरी यायलाच हवी. लहान मुलं रडत झोपतील हो!"

कवळीवाले खुर्चीच्या कडेवर अवघडून बसले होते. गल्लीत सगळे त्यांना याच नावाने ओळखत. दातांचे डॉक्टर माप पाठवत आणि हे मागच्या खोलीत एकटे बसून कवळ्या घडवत. त्या लावून हसणारी माणसं त्यांना क्वचितच बघायला मिळाली.

"पूल पडलाय, बाई," ते म्हणाले. "येणार कशी?"

"होडी द्या एखादी."

"नदीतला नाग लाकूड तरंगू देत नाही. दुसऱ्या प्रकरणातच लिहिलंय."

"मग झोपवा की त्याला! तुमच्याच हातात आहे सगळं."

गोष्ट जुनीच होती. पूल टिकेना म्हणून गवंड्याच्या मुलीला पलीकडच्या काठाच्या खांबात चिणलं आणि मग तो कधी हलला नाही, असं म्हातारी माणसं सांगत. पुढे त्याच पुलावरून परकी फौज आली आणि गाव गुलाम झालं. कवळीवाल्यांच्या कादंबरीत मात्र मुलगी बापाची छिन्नी फ्रॉकमध्ये लपवून नेते, खांब फोडून निसटते आणि पूल कोसळतो. फौजेला ती रानात अशी हुलकावणी देते, की सेनापती शेवटी मेंढ्या राखू लागतो. इतिहास भलत्याच वाटेने जातो. गाव कधी गुलाम होतच नाही. चौकात सेनापतीच्या पुतळ्याऐवजी झोपाळा येतो. फक्त मुलगी पलीकडे राहते आणि बाप अलीकडे.

लेक लहान असताना ही गोष्ट ते रोज झोपताना तिला सांगत. गोष्टीतला पूल पडला त्या आठवड्यात घरात मोठं भांडण झालं आणि बायको लेकीला घेऊन दूरच्या शहरात निघून गेली, ती कायमचीच. सुरुवातीला ते दोन-चारदा जाऊन आले. दारातच बसवून ठेवलं की पुन्हा जाणं जिवावर यायचं. मग कामं निघत गेली. मग इतके दिवस का आला नाहीत, याचं उत्तर सापडेना. लेकीचं लग्न झाल्याचंही त्यांना उशिराच कळलं. आता तिच्या वाढदिवसाला फोन तेवढा होई.

या वर्षीही केला. तब्येत, पाऊसपाणी झालं आणि बोलणं नेहमीसारखं आटलं. तेव्हा ते घाईने म्हणाले, "माझं पुस्तक येतंय. पुलाचं. आठवतं तुला?"

"मुलगी घरी येते?" लेकीने विचारलं.

"तिथंच अडलंय. संपादकबाई म्हणतात, आण."

"तीच का येईल? तो गवंडी का नाही जात?"

"त्याला पोहता येत नाही."

"मग शिकायचं, बाबा. इतकी वर्षं काठावर बसून काय करत होता?" आवाजात राग असता तर बरं झालं असतं. "ठेवते हं. छोटीला शाळेतून आणायचंय."

फोन खाली ठेवला तेव्हा साच्यासाठी वाटीत कालवलेलं प्लास्टर दगड झालं होतं. त्यांनी ते तसंच टाकून दिलं आणि लिहायला बसले. पांढऱ्या केसांचा गवंडी गुडघाभर पाण्यात हातपाय मारायला शिकतो. नाकातोंडात पाणी जातं, काठावरची पोरं हसतात. आधाराला धरलेला ओंडका नाग ओढून नेतो, तेव्हा तो नुसत्या हातांनी पाणी कापत निघतो.

संपादकबाईंनी वाचलं आणि चष्मा काढला. "पोचला खरा. पण फार उशिरा हो."

"उशिराच," कवळीवाले म्हणाले. "ते बदलू नका."

पुस्तक छापून आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान बंद ठेवलं आणि लेकीच्या शहराची बस पकडली. काय बोलायचं ते वाटेत मनाशी घोकलं. बिल्डिंग सापडली. जिने चढताना धाप लागली. घंटीवर बोट ठेवून ते क्षणभर तसेच थांबले आणि मग दाबली.

दार एका मुलीने उघडलं. दोन वेण्या, हातात अर्धवट सोललेलं संत्रं.

"कोण पाहिजे?"

त्यांनी पुस्तक पुढे केलं. तिने हात फ्रॉकला पुसून ते घेतलं, चित्रातल्या नागावरून बोट फिरवलं आणि आत तोंड करून ओरडली, "आई, कोणीतरी आजोबा आलेत!"

"आले, आले," आतून आवाज आला.

कवळीवाले पायपुसण्यावर बूट पुसू लागले. बूट स्वच्छच होते, तरी पुसत राहिले.