पंक्चरचं गाणं

मी एक पाळणा. म्हैसुरातल्या आमच्या मराठी घरांत मला पाळणा म्हणतात, शेजारपाजारचे तोट्टिलु म्हणतात. दोन्ही नावांना मी सारखाच हलतो. माझे गज चन्नपट्टणला कातलेले आहेत, त्यांवर लाल-पिवळी लाख आहे. चार कोपऱ्यांना चार पोपट होते. त्यांतला एक पिढ्यान्‌पिढ्यांच्या दुधाच्या दातांनी खाऊन संपवला.

मला घरात आणलं फत्तेसिंगरावांनी. त्यांचे पूर्वज महाराजांच्या घोडदळात होते, ते स्वतः सरकारी कचेरीत. राज्यांची पुनर्रचना नुकतीच झाली होती. धारवाड-बेळगावकडची माणसं बदलून कचेरीत येत होती, आणि त्यांचं मराठी ऐकून फत्तेसिंगराव संध्याकाळी घरी येऊन बायकोला म्हणायचे, "आपण बोलतो ते मराठीच की आणखी काय, मला आज संशय आला बघ." त्याच सुमाराला त्यांना मुलगा झाला, रघुनाथ. माझ्यात झोपलेला तो पहिला.

पुढं मी एका घराचा राहिलो नाही. आमच्या लोकांत पाळणा विकत घेण्यापेक्षा मागून आणण्यात मान होता. ज्यातली मुलं धडधाकट वाढली तो पाळणा शकुनाचा. बारशाआधी येऊन मागायचं, आणि परत करताना रिकामा करायचा नाही, आत नारळ आणि साखर ठेवायची. असा मी गावभर हिंडलो. कुणाच्या घरी दोन वर्षं, कुणाच्या घरी सहा महिने. माझ्यात झोपलेली माणसं आज टक्कल पडून रस्त्यानं जातात, मला ओळखत नाहीत. मी त्यांना ओळखतो.

आणि मी गाणी ऐकली. देवांचे पाळणे बारशाच्या दिवशी म्हणतात. दुसऱ्या दिवसापासून आया तोंडात येईल ते म्हणतात, आणि तोंडात येतं ते त्या वर्षीच्या सिनेमातलं. शंभर व्हायोलिनं घेऊन आलेलं गाणं माझ्यापाशी उघडंवाघडं पोचतं. वाद्यं गळतात, कोरस गळतो, दुसरं कडवं तर कुणालाच येत नाही. पुष्कळ सुंदर गाणी माझ्यापर्यंत येऊन मेली, कारण वरची पट्टी दमलेल्या बाईला लागेना. आणि काही अगदी फालतू गाणी, जी ऐकून घरातले मोठे तोंड वाकडं करायचे, ती माझ्या दोरीला लागून दहा-दहा वर्षं जगली.

असंच एक गाणं वनजाबरोबर आलं.

वनजा ही रघुनाथरावांची सून, अंबाजीची बायको. शाळेत समाजशास्त्र शिकवायची. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर तिला मुलगा झाला, आणि मी कुवेंपुनगरात माझ्या मूळ माणसांच्या घरी परत टांगला गेलो. पणजोबांचं नाव चालवायचं म्हणून एवढ्याशा पोराचं नाव फत्तेसिंगराव ठेवलं. वनजा हसून म्हणाली, "ह्या नावाला आधी मिश्या फुटायला पाहिजेत." म्हणून घरात तो फत्तू झाला.

दोन हजार दहाचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि एका कन्नड सिनेमातलं टपांगुच्ची, म्हणजे धांगडधिंग्याचं, गाणं सगळीकडे वाजत होतं. नायकाची स्कूटर भर रस्त्यात बसते आणि तो आपल्या जाड्या मित्राला ओरडून सांगतो, "पंक्चर आय्तो, गुंडू, पंक्चर आय्तो!" पंक्चर झालं रे, गुंडू. मागं ढोल, शिट्ट्या, पन्नास माणसं नाचतायत. रिक्षात तेच, दसऱ्याच्या मांडवात तेच, दूधवाल्याच्या फोनमध्ये तेच. फत्तू काही केल्या झोपेना, तेव्हा एका दुपारी वनजानं वैतागून तेच म्हणायला घेतलं. पण हळू. इतकं हळू की ढोलाच्या जागी माझी कडी कुरकुरली आणि ती बरोबर तालात बसली. आणि गुंडूच्या जागी तिनं फत्तू घातला. "पंक्चर आय्तो, फत्तू, पंक्चर आय्तो…"

फत्तू झोपला.

तेव्हा त्या घरात आणखी एकजण होती. रघुनाथरावांच्या मुलीची मुलगी, तुंगा. कॉलेजसाठी आजोळी राहायला आलेली. ती पुस्तक मांडीवर घेऊन एका पायानं माझी दोरी ओढायची आणि मामीच्या सुरात सूर मिसळायची.

थंडी पडता पडता फत्तूला ताप आला. त्याला उचलून दवाखान्यात नेलं. मी वाट पाहिली. ती माणसं परत आली तेव्हा कुणाच्याच हातात काही नव्हतं.

रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात. मला कुणी हलवलं नाही. पण काही दिवसांनी वनजा वाळलेले कपडे घेऊन आली, एकेक घडी करून माझ्यात ठेवत गेली. टॉवेल, अंबाजीचे शर्ट, सासूची लुगडी. मी भरलो. मग तिनं दोरी हातात घेतली. भरलेला पाळणा हलवायला कुणाची हरकत असायचं कारण नव्हतं. ती गात नव्हती. फक्त ओठ हलत होते. तिची सासू, शकुंतलाबाई, दारात उभी राहिली, तिनं पाहिलं, आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी तिनं अंबाजीकडून मला माळ्यावर चढवलं.

माळा मधल्या बोळकांडीवर होता, त्यामुळे घरातलं सगळं मला ऐकू यायचं. ते गाणं अजून जिवंत होतं. कोपऱ्यावरून एखादी रिक्षा ते वाजवत जायची, आणि स्वयंपाकघरातली भांडी थांबायची. गाणं लांब गेलं की भांडी पुन्हा सुरू. एकदा शेजारच्या लग्नात त्यांनी ते तीनतीनदा लावलं. वनजा मागच्या दारी नळ सोडून बसली, पाण्याच्या आवाजात. देवासमोर उभी राहून ती म्हणायची, "ते गाणं एकदाचं बंद कर."

ते बंद झालं. देवानं केलं असं नव्हे, गाण्यांचं तसंच होतं. नवी आली. आधी रिक्षांतून गेलं, मग मांडवातून. पुढं वर्ष-वर्ष मी ते ऐकलं नाही.

आणि मग एक वेगळीच गोष्ट माझ्या लक्षात आली. रस्त्यावरून रिक्षा गेली की भांडी आताही थांबायची. दुसरंच काहीतरी वाजत असायचं. वनजा कान देऊन ऐकायची, आणि ते नाही असं कळल्यावर तिचा एक लहानसा श्वास माझ्यापर्यंत यायचा. एकदा ती अंबाजीला म्हणाली, "शाळेत मुलांना विचारलं. एकालाही ठाऊक नाही ते गाणं." अंबाजीनं विचारलं नाही, कुठलं.

मलाही, त्यानंतर कुणी मागायला आलं नाही. ज्या घरांत मी पिढ्यांना जोजवलं त्यांनी बॅटरीवरचे पाळणे आणले, आपोआप हलणारे, आपोआप गाणारे. मी कुणाला दोष देत नाही. ज्यातलं मूल गेलं त्या पाळण्यात आपलं मूल कोण घालील?

बरीच वर्षं गेली. एका रविवारी सगळे घरी जमले. तुंगाचं लग्न झालं होतं, ती पोटुशी होती, नवरा हयग्रीव तिला घेऊन आला होता. तो कन्नड घरातला, मराठी तुंगाकडून शिकलेला. बाहेर डोसे चालले होते आणि रघुनाथरावांनी पेपर वाचून दाखवला. गेल्या दशकातली कुठली गाणी पन्नास वर्षांनी उरतील, असं वाचकांना विचारलं होतं.

"एकबी नाही," रघुनाथराव म्हणाले. "शब्द कुठं आहेत? नुसतं ढण् ढण्."

"अप्पा, तुमच्या गाण्यांना तुमचे अप्पा हेच म्हणायचे," अंबाजी म्हणाला.

"ते म्हणायचे, पण ते चुकीचं होतं."

"आणि तुमचं बरोबर! साकु, अप्पा, पुरे!"

हयग्रीवनं एक संथ प्रेमाचं गाणं सुचवलं. बासरीचं. तुंगा म्हणाली, "अय्यो, ते ऐकून मला आत्ताच झोप येते. पन्नास वर्षं कोण जागं राहील? मी सांगू? पंक्चर!"

"ते?" रघुनाथराव हसले. "ते दसऱ्याला जन्मलं आणि संक्रांतीपर्यंत मेलं की."

बाहेर अंबाजीची खुर्ची सरकली. रघुनाथराव विसरले होते. म्हातारं माणूस, त्यांना त्या वेळचा ताप आठवत होता, गाणं नव्हतं.

"मेलं म्हणून कुणी सांगितलं, मामंजी?" स्वयंपाकघरातून वनजानं विचारलं.

"कुणी म्हणतं का आता, वनजा?"

तव्यावर पाणी शिंपडल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "म्हणत नाहीत. ते खरं."

आधी ते गाणं ऐकू आलं की तिचं मूल पुन्हा जायचं. आता ते ऐकू येत नव्हतं, तर मूल जाण्याइतकंही उरलं नव्हतं. ती एकटीच ते धरून होती, आणि एकट्या माणसाच्या धरण्याला गाणं म्हणत नाहीत.

निघायच्या वेळी तुंगा बोळकांडीत थांबली आणि वर बघून म्हणाली, "अज्जी, माझ्या बाळाला हाच पाळणा पाहिजे."

शकुंतलाबाई घाबरली. "तो नको ग. आम्ही नवा आणून देतो, बॅटरीवाला."

"मी ह्यातच झोपले ना? माझी आईपण?"

"तसं नव्हे ग, तुंगा… मत्ते, आणि मग… कसं सांगू तुला?"

सांगायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. वनजाकडे कुणीच बघत नव्हतं, इतकं लक्ष देऊन बघत नव्हतं की तिला ते कळलंच. ती आत निघून गेली.

पण तुंगाला मुलगी झाली, आणि वनजानं स्वतः स्टूल लावून मला खाली काढलं. चिंच लावून कड्या घासल्या. पोपटांच्या चोचींतली धूळ काडीनं काढली. सासू म्हणाली, "तुझ्या मनात नसलं तर राहू दे, वनजा." ती म्हणाली, "मनात आहे की नाही ते बघायलाच काढलाय, आत्याबाई."

हूटगळ्ळीला तुंगाचं नवं घर, अजून रंगाचा वास असलेलं. तिथं मला टांगलं. वनजानं तुंगाला एवढंच सांगितलं, "फोनवर गाणं लावून ठेवायचं नाही. तोंडानं म्हणायचं."

"कुठलं म्हणू, मामी?"

"येईल ते."

बारसं झालं. मुलीचं नाव जयलक्ष्मी ठेवलं. बायकांनी देवाचा पाळणा म्हटला, तिसऱ्या कडव्यावर अडखळल्या, एकीनं गुणगुणून वेळ मारून नेली. मग पानं मांडली आणि सगळे जेवायला बाहेर गेले. खोलीत तुंगा, पोर आणि मी. पोरीनं टाहो फोडला. तुंगानं हे म्हटलं, ते म्हटलं, बासरीचंसुद्धा म्हणून पाहिलं. मग काही न ठरवता तिच्या तोंडून ते आलं. हळू, माझ्या कडीच्या तालावर.

"पंक्चर आय्तो, फत्तू…"

ती दचकली. दोरी तिच्या हातात तशीच राहिली. तिच्या लेखी त्या गाण्यात तोच शब्द होता, शिकली तेव्हापासून. पण गेलेल्या मुलाचं नाव, बारशाच्या दिवशी, जिवंत पोरीवर! आणि दारात गरम पाण्याचा तांब्या घेऊन वनजा उभी होती.

पोर रडत होती.

वनजानं तांब्या खाली ठेवला. पलीकडच्या बाजूला येऊन तिनं माझ्या कठड्यावर हात ठेवला, मला हलकंसं ढकललं आणि गायला लागली. आवाज चिरका झाला होता, वापरात नसलेला.

"पंक्चर आय्तो, गुंडू, पंक्चर आय्तो…"

गुंडू. इतक्या वर्षांत तिनं गाण्याचा खरा शब्द कधी म्हटला नव्हता. पोरीसाठी तिनं आपलं पोर त्या ओळीतून बाजूला काढून घेतलं.

तुंगानं तिच्याकडे पाहिलं, मान हलवली, नाही म्हणून, आणि तीच ओळ धरली. "पंक्चर आय्तो, फत्तू…"

"गुंडू म्हण, तुंगा. आज तरी."

"मला तसं येतच नाही, मामी."

मग दोघी एकदमच गायला लागल्या. एका ओळीत, एका जागी, दोन नावं. एक म्हणायची गुंडू, दुसरी म्हणायची फत्तू, आणि दोघींपैकी एकही माघार घेईना. मी मधे झुलत होतो. जयलक्ष्मीचे डोळे मिटत आले.

हयग्रीव पान खात आत आला. थोडा वेळ ऐकून म्हणाला, "मामी, ते गुंडू आहे, अल्लवा? ही फत्तू काय म्हणते? मी कुठलं म्हणायचं, एक काय ते सांगा की."

वनजा रडत होती, पण तिचा हात थांबला नाही. "तुला येईल ते म्हण," ती म्हणाली.

तो बायकोचंच ऐकतो. आता रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी तो मला झोका देतो आणि मोठ्यानं फत्तू म्हणतो. बेसूर, पण रोज. तुमचा पेपर काय म्हणतो ते मला माहीत नाही.

जयलक्ष्मी आता कठडा धरून उभी राहते. माझे दिवस इथं थोडेच उरलेत. परवा कुवेंपुनगरातल्या एका घरातून विचारणा आली, पाळणा मोकळा कधी होतोय म्हणून. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. तुमच्याही घरी कुणी येणार असेल तर मला न्या. मी म्हातारा झालोय, पण दोरी बळकट आहे. गाणं कुठलंही म्हणा, नव्यातलं नवं, फालतूतलं फालतू. आणि म्हणता म्हणता मधेच आपल्यातून गेलेल्या कुणाचं नाव तोंडून निघून गेलं, तर दचकू नका, थांबू नका. पुढं म्हणा.